स्तोत्रगायन न रुचणारा नार्नियाकार

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेत ख्रिस्ती भक्तिसंगीताचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या बालकादंबरीवरून सुचलेली गाणी त्यात स्टीव्हन कर्टिस चॅपमन, जार्स ऑफ क्ले, टोबीमॅक, रिबेका सेंट जेम्स आदींनी गायिली होती. त्याच कादंबरीवरील चित्रपट डिसेंबरात यावयाचा होता. ज्यांच्या लेखणीतून ही कथा उतरली, त्या क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांना मात्र चर्चमधील सामुदायिक गायन मुळीच रुचत नसे.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी बेलफास्टला झाला. वडील वकील, घर पुस्तकांनी भरलेले, आणि थोरला भाऊ वॉरन हा जिवाभावाचा सोबती. बोलक्या प्राण्यांचे एक काल्पनिक राज्य दोघा भावांनी बालपणीच रचले होते. १९०८ मध्ये कर्करोगाने आई गेली. तिच्यासाठी केलेल्या प्रार्थना निष्फळ ठरल्या; पुढे वसतिगृहाच्या शाळांतून वाढताना श्रद्धाही ओसरली. या पोरक्या मुलाला आधार मिळाला तो उत्तरेकडील पुराणकथांचा आणि वाग्नर यांच्या संगीताचा. त्या संगीतनाट्यांची कथासारे एका ग्रामोफोनविषयक मासिकात वाचून ते भारावले आणि खाऊच्या पैशांतून तबकड्या जमवू लागले. तेव्हा संगीताचे वावडे त्यांना कधीच नव्हते, हे ध्यानी घ्यावयास हवे.

वयाची एकोणीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी ते फ्रान्समधील खंदकांत पोहोचले. एप्रिल १९१८ मध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी होऊन ते परतले. सैन्यातील मित्र पॅडी मूर परतला नाही. त्याच्या आईला लुईस यांनी तिच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९५१ पर्यंत, सांभाळले. १९२५ पासून ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवीत होते. तेथेच जे. आर. आर. टोल्किन यांची मैत्री जुळली. सप्टेंबर १९३१ मधील एका रात्री टोल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशी पुराणकथा व सत्य या विषयावर उत्तररात्रीपर्यंत वाद रंगला. त्यानंतर काही दिवसांतच हा एकेकाळचा नास्तिक प्राध्यापक ख्रिस्ती झाला.

श्रद्धा परतली, तरी अभिरुची बदलली नाही. स्तोत्रांचे काव्य त्यांना सुमार वाटे आणि चाली त्याहून सुमार. हेडिंग्टन क्वारी येथील होली ट्रिनिटी चर्चमध्ये ते पुढे सकाळी आठच्या, गाण्याविना होणाऱ्या उपासनेस जाऊ लागले. पण तीच स्तोत्रे समोरच्या बाकावरील एखादा साधाभोळा वृद्ध मनोभावे गात असलेला पाहून आपण त्याचे बूट पुसण्याच्याही योग्यतेचे नाही, असे त्यांना जाणवले. ही कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. विद्वत्तेचा अहंकार उतरण्यास ऑक्सफर्डची ग्रंथालये पुरली नाहीत. त्यास गावातील चर्चचा बाक लागला.

बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन, म्हणजे अर्धा माणूस नि अर्धा बोकड, हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मनात होते. त्यावर कादंबरी उभी राहिली ती १९५० मध्ये, पन्नाशीनंतर. टोल्किन यांना ती पटली नाही, तरी १९५६ पर्यंत नार्नियामालेची सात पुस्तके झाली. त्यांपैकी १९५५ च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये तर असलान हा सिंह गाऊनच सारी सृष्टी निर्माण करतो, त्याच्या स्वरासरशी तारे उजळतात, गवत उगवते, प्राणी भूमीतून वर येतात. स्तोत्रगायन टाळणाऱ्या माणसाने विश्वाच्या आरंभी गाणे ठेवावे, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. त्यांचे भांडण होते ते सुमार गाण्याशी.

१९५६ मध्ये त्यांनी जॉय डेव्हिडमन या अमेरिकी लेखिकेशी नोंदणी विवाह केला. पुढील वर्षी, ती कर्करोगाने रुग्णशय्येवर असताना, इस्पितळातच धार्मिक विधी झाला. जुलै १९६० मध्ये तिचे निधन झाले. बालपणीचा तोच घाव पुन्हा बसला. या वेळी मात्र त्यांनी देवाशी केलेले भांडण वहीत उतरवले आणि ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ हे पुस्तक टोपणनावाने छापले.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस यांचे निधन झाले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने ही वार्ता झाकोळली. होली ट्रिनिटी चर्चच्याच आवारात त्यांना पुरण्यात आले. १९७३ मध्ये वॉरन यांनाही त्याच थडग्यात जागा मिळाली.