संमतीचा हिशेब आणि र. धों. कर्वे

भाडोत्री मातृत्वाची चर्चा बहुधा पैशापाशी सुरू होते आणि पैशापाशीच संपते. गर्भाशयावर अधिकार कोणाचा, हा त्यामागचा मूळ प्रश्न मात्र महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता. तो उपस्थित करणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते.

महर्षी कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म 14 जानेवारी 1882 चा. पित्याने स्त्रीला शिक्षणाचा अधिकार मिळवून दिला. मातृत्व केव्हा स्वीकारावे आणि स्वीकारावे की नाही, हेही तिनेच ठरवावे, असे पुत्राने मांडले. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी 1925 मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि अखेरपर्यंत चालविले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तरी शिक्षा टळली नाही. या सर्व ओढाताणीत पत्नी मालतीबाईंची साथ सुटली नाही. 1952 मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले, पण हिशेब केला तो लोकसंख्येचा. गणिती कर्व्यांचा हिशेब स्त्रीच्या इच्छेचा होता. 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते निवर्तले.

त्यांच्या हयातीत परनलिकेतील गर्भधारणा नव्हती. आज ती आहे, आणि 2021 चा सरोगसी कायदाही आहे. विवाहित, स्वतःचे मूल असलेली, 25 ते 35 वयाची स्त्रीच, तीही आयुष्यात एकदाच आणि मोबदल्याविना, दुसऱ्यासाठी गर्भ वाढवू शकते. औषधोपचाराचा खर्च आणि विमा एवढेच तिला मिळते. बाजार बंद झाला, हे इष्टच होय. परंतु किंमत नाहीशी झाली म्हणून सक्ती नाहीशी होत नाही. नात्यातील भिडेपोटी दिलेला होकारही अनेकदा सक्तीचाच असतो.

सेलूच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. पाळीच्या दिवसांतील खाडा ज्यांना परवडत नव्हता, त्यांनीही कागदोपत्री संमती दिलीच होती. जिला नकार देणे परवडते, तिचाच होकार खरा. कर्व्यांनी नोकरी गमावून मांडलेला हा हिशेब अद्याप पुरा व्हायचा आहे, आणि कायद्याची कसोटी त्यावरच लागणार आहे.