सलाइन आणि तार : एका डॉक्टरची दोन कामे

जुलाबाने गळून गेलेल्या रुग्णाला सलाइन लावतात, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यामागचा विचार मांडणाऱ्या डॉक्टरनेच भारतात तारयंत्र उभे केले, हे फारसे कुणाला माहीत नसते. त्यांचे नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

त्यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरा विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्या काळी पटकीच्या रुग्णाचे रक्त काढणे हा रूढ उपचार होता. ओशॉनेसींनी रुग्णांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार घटले होते. शरीरातून जे गेले ते शिरेवाटे परत द्यावे, असे त्यांनी सुचवले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील थॉमस लाटा या डॉक्टरने तसे करून पाहिले आणि मरणाच्या दारातले काही रुग्ण वाचले. तरीही हा उपचार मागे पडला. तो रुजायला अनेक दशके लागली आणि तोवर पटकीने असंख्य बळी घेतले.

१८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आले. पुढे कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवू लागले. १८३९ मध्ये त्यांनी बांबूंवरून २१ मैल लांबीची तार फिरवून विजेने संदेश पाठवून दाखवला. बोटांना बसणाऱ्या हलक्या झटक्यांवरून तो ओळखता येई. सरकारने मात्र दहा वर्षे त्याकडे लक्ष दिले नाही.

लॉर्ड डलहौसी यांच्या काळात काम सुरू झाले. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर मार्ग चालू झाला. शिवचंद्र नंदी हे त्यांचे मोठे साहाय्यक. माकडे आणि पक्षी बसले तरी तुटू नयेत म्हणून ओशॉनेसींनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या. यंत्रही साधे होते. सुई डावीकडे किंवा उजवीकडे हले आणि या दोनच खुणांतून अक्षरे बनत. आज इंटरनेटवरची माहितीही शून्य आणि एक या दोनच खुणांतून धावते.

१८५४ मध्ये तार मुंबईला पोहोचली. कोलकात्याहून मुंबईला जायचे तर आपले नागपूर सरळ वाटेवर; पण ही पहिली तार गेली आग्र्याला वळसा घालून. त्याच वर्षी डलहौसींनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावात इंग्रजांना वेळेवर खबर मिळाली ती तारेमुळेच. सामान्यांच्या सुखदुःखाच्या निरोपांसाठी ती पुढे कामी आली, पण आधी ती सत्तेच्या हातात होती.

ओशॉनेसी १८८९ मध्ये वारले. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवाही थांबली. त्यांचा दुसरा विचार मात्र रोज जीव वाचवतो. घरात कुणाला जुलाब लागले, तर गेलेले पाणी आणि मीठ भरून काढायला लगेच ओआरएस सुरू करावे. रुग्ण सुस्त झाला, लघवी कमी झाली किंवा पाणी पोटात टिकेना, तर विनाविलंब दवाखाना गाठावा.