बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले

आजचं वाचन : लूक २३:३९-४३



आजच्या भागातला वधस्तंभावरचा चोर आपल्या चांगला ओळखीचा आहे. त्याला ना चर्च मिळालं, ना पाळक, ना बाप्तिस्मा. शेवटच्या घटकेला त्याने येशूकडे मान वळवली, आणि येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकात आपल्याबरोबर नेण्याचं वचन दिलं. मग प्रश्न येतोच. बाप्तिस्म्याशिवाय तारण आहे का? आणि असेल, तर बाप्तिस्मा घ्यायचाच कशाला?

आपल्यातल्या कित्येकांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. कुणी गुपचूप बायबल वाचतंय आणि घरी सांगायची हिंमत होत नाहीये. कुणाचं जिवलग माणूस बाप्तिस्म्याशिवाय गेलं. म्हणून आज एका माणसाचं आयुष्य बघूया. ते आहेत रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर, संस्कृतचा व्यासंग, कवीचा स्वभाव, आणि एका जागी न टिकणारे पाय. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांना ते काही पटलं नाही. पण शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं, आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना.

इथे नीट लक्ष द्या. विश्वास आधी आला, बाप्तिस्मा नंतर. मधल्या काळात टिळक मनाने ख्रिस्ताचे झाले होते, पण पाण्यापाशी पाय अडत होता. कारण किंमत माहीत होती. त्या काळी नुसत्या विश्वासाने जात सुटत नसे. घरातल्या घरात काय मानायचं ते माना, लोक कानाडोळा करत. बाप्तिस्मा घेतला की मात्र पंगत तुटली, नातं तुटलं, बायको-मूल दुरावलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आणि भीती होती तसंच घडलं. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू नातेवाइकांकडे राहिले. नवऱ्याचं धर्मांतर म्हणजे लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं होतं. पुढची काही वर्षं दोघांचे संसार वेगळे.

पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या, पण सोवळं घेऊनच आल्या. त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी ते सगळं चालू दिलं. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी एवढं गमावलं, त्याने बायकोला मात्र पाण्याकडे ओढत नेलं नाही. जात ही माणसानेच केलेली आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या त्यांनाच उमगलं, सोवळं गळून पडलं, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

आता खानदेशात येऊ. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथे आला होता. 'बालकवी' हे नाव त्याला त्याच संमेलनात मिळालं. टिळकांनी या पोराला आपल्या नगरच्या घरात ठेवून घेतलं आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं जेवूखाऊ घातलं. तो कधी ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यामुळे त्याचं ताट काही वेगळं मांडलं गेलं नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, वय अवघं सत्तावीस. बहिणाबाईंचं असोदा याच भागातलं. असोद्याकडे कधी गेलात, तर भादलीचे रूळ बघून त्या घराची आठवण जरूर काढा.

टिळकांचं शेवटचं पर्व सर्वांत धाडसी. १९१७ साली त्यांनी मिशनचं काम सोडलं, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या शिष्यांचं हे एकच बंधुमंडळ. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलेल्या माणसाला ठाऊक होतं, की कितीतरी जण अजून पुलावरच आहेत. त्यांना परके म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग उत्तर काय? मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. मार्क १६:१६ आणि योहान ३:५ वाचून कुणी बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक मानतात. इफिस २:८ धरून कुणी म्हणतात, तारण कृपेनेच होतं, बाप्तिस्मा ही त्याची खूण. आवश्यक मानणारी कॅथोलिक मंडळीसुद्धा बाप्तिस्म्याची मनापासून इच्छा असताना मरण आलेल्याला बाहेर ठेवत नाही.

मला टिळकांच्या आयुष्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. स्वतःच्या बाबतीत त्यांनी पळवाट शोधली नाही. दुसऱ्याच्या बाबतीत दार लावलं नाही. आपण बरेचदा नेमकं उलटं करतो. स्वतःसाठी चोराचं उदाहरण आणि दुसऱ्यासाठी निकोदेमाचं!

चोराला वेळच मिळाला नाही. मला मिळालाय. मी थांबलोय तो अजून समजून घ्यायचंय म्हणून, की लोक काय म्हणतील म्हणून? आज एवढंच प्रामाणिकपणे स्वतःला विचारूया. आणि जे आपल्यातून गेले, त्यांचा हिशेब आपल्या हाती नाही. वधस्तंभावरून शेजारच्या चोराला जवळ करणाऱ्याच्या हाती तो आहे, एवढा दिलासा पुरे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, मला तुझं नाव उघडपणे घ्यायचं धैर्य दे. जे अजून वाटेवर आहेत, त्यांच्यासाठी माझ्या ताटाशेजारी जागा ठेवायला शिकव. आमेन.