कपाटात पडून राहिलेले ६०६

फ्रँकफुर्टच्या गेओर्ग श्पायर हाउस या संशोधनसंस्थेत १९०७ साली तयार झालेले एक पिवळसर चूर्ण निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवण्यात आले. नोंदवहीत त्याचा क्रमांक होता ६०६. पुढची दोन वर्षे ते तसेच पडून राहिले. त्या दोन वर्षांत युरोपातील इस्पितळांत आणि मनोरुग्णालयांत उपदंशाचे, म्हणजेच सिफिलिसचे रुग्ण खितपत पडले होते आणि त्यांना देण्यासाठी डॉक्टरांपाशी पाऱ्याखेरीज फारसे काही नव्हते. पाऱ्याने हिरड्या सुजत, दात पडत. रोग मात्र बहुधा जात नसे. आपल्याकडेही सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात हा रोग फिरंगरोग या नावाने येतो आणि उपाय म्हणून तेथेही पाराच सांगितलेला आहे. गोऱ्या दर्यावर्द्यांबरोबर आलेल्या या व्याधीवर चारशे वर्षांत माणसाची मजल पाऱ्याच्या पुढे गेलेली नव्हती.

तो उतारा आपल्याच कपाटात आहे, याची कल्पना डॉ. पॉल एर्लिख यांना १९०९ पर्यंत नव्हती.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सिलेशियातील श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्यांच्या आईचे चुलतभाऊ कार्ल वायगर्ट हे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ. कोळशाच्या डांबरापासून तयार होणारे नवे कृत्रिम रंग वापरून शरीरातील ऊती रंगविण्याचा नाद एर्लिख यांना त्यांच्यामुळेच लागला. ब्रेस्लाव, स्ट्रासबर्ग, फ्रायबर्ग आणि लाइपझिग अशा चार विद्यापीठांतून फिरत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले खरे, पण रुग्णापेक्षा रंगाच्या बाटलीतच त्यांचे मन अधिक रमत असे. १८७८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही या रंगांवरच.

एक साधी गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली होती. एखादा रंग एका पेशीला धरतो, तर शेजारच्या पेशीला स्पर्शही करीत नाही. मग एखादे विषारी द्रव्य असेच केवळ रोगजंतूला धरील आणि रुग्णाच्या शरीराला सोडून देईल, असे का होऊ नये? जर्मन लोककथांतील नेम न चुकणाऱ्या मंतरलेल्या गोळीची उपमा त्यांनी या कल्पनेला दिली. मराठीत गोळी म्हटली की औषधाचीही आठवण होते; एर्लिख यांना मात्र बंदुकीचीच गोळी अभिप्रेत होती.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधल्याचे जाहीर केले आणि एर्लिख यांनी लगोलग ते जंतू रंगविण्याची अधिक चांगली पद्धत शोधून काढली. काही वर्षांनी त्याच पद्धतीने स्वतःच्या थुंकीत त्यांना क्षयाचे जंतू दिसले. हवापालटासाठी त्यांनी इजिप्त गाठले आणि ते बरे होऊन परतले. पुढे कॉख यांच्या संस्थेत काम करताना १८९१ मध्ये मेथिलीन ब्लू हा रंग त्यांनी मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिला आणि त्याचा गुण आला. घटसर्पाच्या प्रतिविषाची मात्रा अचूक ठरविण्याची त्यांची पद्धत जगभर स्वीकारली गेली. या कामातील श्रेयावरून एमिल फॉन बेरिंग यांच्याशी त्यांचे संबंध मात्र बिघडले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशास्त्रासाठी, इल्या मेचनिकॉव्ह यांच्याबरोबर विभागून. त्या वेळी ६०६ कपाटातच होते.

श्पायर यांच्या विधवा पत्नी फ्रान्झिस्का यांच्या देणगीतून १९०६ साली उभ्या राहिलेल्या संस्थेत एर्लिख यांना हवे ते करण्याची मोकळीक मिळाली. दिवसाला दोन डझन कडक चिरूट ओढणारा, काखेत चिरुटांची पेटी धरून हिंडणारा आणि रंगीत चिठ्ठ्यांवर सहकाऱ्यांना रोजची कामे लिहून पाठविणारा हा संचालक कामात कमालीचा काटेकोर होता. अटॉक्झिल नावाचे आर्सेनिकयुक्त द्रव्य आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरले जात होते. ते जंतू मारी, पण काही रुग्णांची दृष्टीही हिरावून घेई. अटॉक्झिलची सर्वमान्य रासायनिक रचनाच चुकीची असल्याचे एर्लिख आणि त्यांचे रसायनज्ञ आल्फ्रेड बेर्थहाइम यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. खऱ्या रचनेत हवे तसे फेरफार करणे शक्य होते. मग मूळ रेणूला एकेक नवे शेपूट जोडून शेकडो द्रव्ये बनविण्याचा आणि प्रत्येकाला क्रमांक देऊन रोगी उंदरांवर पारखण्याचा उद्योग सुरू झाला. सहाशे पाच अपयशांनंतर सहाशे सहावा प्रयत्न यशस्वी झाला, ही पाठ्यपुस्तकी गोष्ट ऐकायला बरी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ही पारख प्रामुख्याने निद्रारोगाच्या जातीच्या जंतूंवर चालली होती. उपदंशाचा सर्पिल जंतू फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमन यांनी १९०५ मध्येच शोधला होता, पण त्यावर औषधे पारखण्याची व्यवस्था फ्रँकफुर्टमध्ये नव्हती. ६०६ हे द्रव्य एका सहायकाने घाईने निकामी ठरविले आणि प्रकरण मिटले.

१९०९ च्या वसंतात तोक्योहून सहाचिरो हाता हे तरुण संशोधक फ्रँकफुर्टला आले. सशांना उपदंशाची लागण करण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. एर्लिख यांनी त्यांना नवे द्रव्य दिले नाही. जुनी, बाद ठरलेली द्रव्येच पुन्हा तपासावयास सांगितली. हाता यांनी न कंटाळता एकेक क्रमांक घेतला. ६०६ टोचलेल्या सशाच्या व्रणांतील जंतू दिसेनासे झाले आणि काही आठवड्यांत व्रणही भरून आले. द्रव्य तेच होते. बदलली होती ती चाळणी.

औषधसंशोधनाची ही रीत पुढे किती विस्तारली, हे पेप्टाइडांच्या उदाहरणावरून कळते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या अंगावर निरनिराळी पेप्टाइडे वागविण्याची युक्ती जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये मांडली, आणि २०१८ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. अशा संचात अब्जावधी नमुने एकाच नळीत मावतात. ज्या प्रथिनावर औषध हवे, त्यावर हा संच ओतायचा, चिकटतील ते ठेवायचे आणि बाकीचे धुऊन टाकायचे. १९९६ मध्ये अशाच संचातून निवडलेल्या कॉम्पस्टॅटिन या पेप्टाइडापासून विकसित झालेल्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका दुर्मिळ विकारावर मान्यता मिळाली. बेर्थहाइम यांना मात्र प्रत्येक द्रव्य हाताने घडवावे लागत होते आणि हाता यांना प्रत्येकासाठी जिवंत प्राणी लागत होता.

१९ एप्रिल १९१० रोजी व्हिसबाडेन येथील वैद्यकीय परिषदेत ६०६ ची घोषणा झाली आणि फ्रँकफुर्टमध्ये डॉक्टरांची रीघ लागली. एर्लिख यांनी औषध लगेच बाजारात सोडले नाही. सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना विनामूल्य देऊन त्यांच्याकडून रुग्णांची हकिकत मागवली. त्यानंतर त्याच वर्षी होख्स्ट कंपनीने साल्व्हरसान या नावाने ते विक्रीस आणले. तरीही यातना टळल्या नाहीत. हवा लागताच हे चूर्ण अधिक विषारी होई. बंद कुपी फोडून, द्रावण बनवून, त्याची आम्लता मोडून मगच टोचावे लागे. हे सोपस्कार नीट न झाल्यास रुग्णाला भोगावे लागे. काहींचे मृत्यूही झाले. प्रत्येक मृत्यूचा तपशील एर्लिख स्वतः मागवीत. १९१२ मध्ये त्यांनी हाताळण्यास सोपे निओसाल्व्हरसान दिले. त्याचा क्रमांक होता ९१४.

टीकाकारांचे एवढ्याने समाधान झाले नाही. कुणी त्यांच्यावर नफेखोरीचा आरोप केला, तर कुणाला हा रोग म्हणजे पापाचे शासन वाटत होता आणि तो बरा होणेच मान्य नव्हते. टीकेत ज्यूद्वेषाचा सूरही होता. फ्रँकफुर्टमधील वेश्यांवर हे औषध बळजबरीने टोचले जाते, असा आरोप करणाऱ्या एका नियतकालिकाच्या चालकाविरुद्ध १९१४ मध्ये अब्रुनुकसानीचा खटला चालला. त्याला एक वर्षाची कैद झाली. साक्षीसाठी न्यायालयात उभे राहिलेल्या एर्लिख यांची प्रकृती मात्र खालावत गेली. त्याच ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सैन्यात दाखल झालेले बेर्थहाइम जिन्यावर स्वतःच्याच बुटांच्या काट्यांत अडकून पडले व मरण पावले. वर्षभराने, २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे एर्लिख यांचे निधन झाले.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन येईपर्यंत उपदंशावर त्यांच्याच औषधांचा आधार होता. नाझी राजवटीने फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नाव पुसले. त्यांच्या पत्नी हेडविग यांना उतारवयात देश सोडून आधी स्वित्झर्लंड आणि नंतर अमेरिका गाठावी लागली. तेथेच १९४८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.