विश्लेषण : बार्शीच्या रेल्वे ठेक्यापासून विशाखापट्टणमच्या गोदीपर्यंत, कोण होते वालचंद हिराचंद?

वडसा (देसाईगंज) : समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही वडशाचे एका बंदराशी जुने नाते आहे. वडशावरून धावणारी ‘छोटी लाइन’ ज्या बंगाल नागपूर रेल्वेची होती, त्याच कंपनीने ब्रिटिश सरकारच्या वतीने विशाखापट्टणमचे बंदर बांधले. १९३३ मध्ये या बंदरात शिरलेले पहिले मोठे जहाज मात्र इंग्रज कंपनीचे नव्हते. ते सोलापूरच्या एका ठेकेदाराने मित्रांसोबत उभ्या केलेल्या कंपनीचे होते. पुढे याच बंदराच्या काठावर त्याने जहाजबांधणीचा कारखाना काढला. ते ठेकेदार म्हणजे वालचंद हिराचंद. त्यांचा प्रवास समजून घेऊ.

सुरुवात कुठे झाली?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजराती भाषक जैन कुटुंबात झाला. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. शिक्षण मुंबई आणि पुण्यात झाले, पण ते अर्धवट सुटले. पेढीवर बसणे त्यांना रुचेना. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले. फाटकांना रेल्वेचे कामकाज माहीत होते, तर वालचंद यांच्याकडे भांडवल उभे करण्याची ताकद होती. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या मार्गाचे काम त्यांनी घेतले आणि ‘फाटक-वालचंद’ ही जोडी तयार झाली.

ठेकेदारीने त्यांना काय शिकवले?

ठेक्याचे गणित तेव्हाही आजच्यासारखेच होते. आधी अनामत भरायची, मजूर आणि सामान स्वतःच्या पैशातून लावायचे. मग मोजमाप होणार, बिल निघणार आणि त्यानंतर पैसे हाती येणार. जागा वेळेत ताब्यात आली नाही किंवा बिल अडकले, तर चांगला ठेकेदारही बुडतो. वालचंद यांच्या कंपन्यांनी पुढे भोर घाटातील रेल्वे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसा जलवाहिनी आणि कालाबाग येथील सिंधू नदीवरचा पूल अशी अवघड कामे केली. जागा, सामान आणि हातात पक्के काम या तीन गोष्टींशिवाय प्रकल्प उभा राहत नाही, हा या धंद्याचा पहिला धडा होता. गोदी बांधताना नेमक्या याच तीन गोष्टींनी त्यांना छळले.

जहाजांकडे ते कसे वळले?

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जहाजांचा तुटवडा होता आणि भारताचा किनारी व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होता. १९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासोबत सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. युद्धात रुग्णवाहू जहाज म्हणून वापरले गेलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढची वाट सोपी नव्हती. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडले. त्यांचे आणखी एक हत्यार होते ते म्हणजे उशिरा मिळणारी सूट. व्यापाऱ्याने ठरावीक काळ फक्त त्यांच्याच जहाजांतून माल पाठवला, तरच भाड्याचा काही भाग त्याला परत मिळे. मध्येच दुसऱ्या कंपनीला माल दिला की आधीची सूटही बुडे. अखेर १९२३ मध्ये सिंधियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. कंपनी तगली, पण तिच्या वाढीवर बंधने आली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले.

विशाखापट्टणमचे बंदर का बांधले गेले?

बंदर चालते ते त्याच्या मागे असलेल्या मुलखाच्या जिवावर. त्याला बंदराचा पाठप्रदेश म्हणतात. कलकत्ता आणि मद्रास यांच्यामधल्या लांब किनाऱ्यावर मोठ्या जहाजांसाठी सुरक्षित बंदर नव्हते. मध्य प्रांतात मात्र मँगनीजच्या खाणी होत्या. वडसा तेव्हा याच प्रांतातील चांदा जिल्ह्यात होते. रायपूर-विजयानगरम रेल्वेमार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला आणि मध्य प्रांतातून समुद्राकडे जाणारी जवळची वाट खुली झाली.

बांधकामातली मुख्य अडचण वाळूची होती. किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर वाळू सतत सरकते आणि बंदराचे तोंड बुजवते. त्यावर उपाय म्हणून दोन जुनी जहाजे मुद्दाम बुडवून लाटा अडवणारा बांध तयार केला गेला. आत खाडी उपसून खोल केली. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सिंधियाचे ‘जलदुर्गा’ बंदरात आले. औपचारिक उद्घाटन त्यानंतर, १९ डिसेंबरला व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्या हस्ते झाले.

गोदीसाठी जागा का मिळत नव्हती?

जहाजे परदेशातूनच विकत घ्यायची, तर धंद्याच्या नाड्या दुसऱ्याच्या हातात राहतात, हे वालचंद ओळखून होते. जहाजबांधणीसाठी त्यांची पहिली पसंती कलकत्त्याला होती. तिथे पोलाद जवळ होते आणि कुशल कामगारही मिळत होते. पण बंदराच्या कारभाऱ्यांकडून सोयीच्या अटींवर जमीन मिळाली नाही. शेवटी विशाखापट्टणम ठरले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

महायुद्ध सुरू होते. जहाजांची गरज असूनही ब्रिटिश सरकारने भारतातील जहाजबांधणीला युद्धकार्याचा दर्जा दिला नाही. त्यामुळे यंत्रे आणि पोलाद मिळवणे कठीण झाले. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. वालचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूत काढलेला विमान कारखानाही १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. आजची ‘एचएएल’ ती हीच.

शेवटी काय झाले?

गोदीतले ‘जलउषा’ हे पहिले जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. त्याची क्षमता सुमारे ८ हजार टन होती. पण कारखाना चालवायचा तर एकामागून एक जहाजांची मागणी हवी. इथले जहाज ब्रिटनमधल्या जहाजापेक्षा महाग पडत होते. सरकारने मागणी नोंदवून फरकाची रक्कम सोसल्याशिवाय गोदी तगणे शक्य नव्हते. १९५२ मध्ये ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ स्थापन झाली आणि दोन तृतीयांश हिस्सा सरकारकडे गेला. १९६१ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली.

वालचंद यांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. वालचंदनगर, रावळगावचा साखर कारखाना आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही त्यांची इतर कामे. त्यांच्या बाजूने बोलताना एवढे जरूर म्हणता येईल की गोदी त्यांच्या हातून गेली, पण बंद पडली नाही.

गडचिरोलीसाठी याचा अर्थ काय?

१९६० च्या दशकात बैलाडिलाच्या लोहखनिजासाठी किरंदुल-कोत्तवलसा रेल्वे बांधली गेली आणि विशाखापट्टणम बंदराचा मोठा विस्तार झाला. बैलाडिलाचे डोंगर आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, इंद्रावतीच्या खोऱ्यात आहेत. खनिज जंगलातले, त्याची वाट समुद्राकडे जाणारी आणि रोजगार मात्र बहुतेक बंदराच्या गावी, असे चित्र त्यातून तयार झाले.

आज वडसा-गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे काम भूसंपादन आणि वनजमिनीच्या परवानग्यांत रेंगाळत पुढे सरकले आहे. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यात, ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. दोन्हीकडे प्रश्न तेच आहेत, जे वालचंद यांच्यासमोर होते. जागा कुणाची आणि कोणत्या अटींवर? सामान कुठून येणार? आणि काम उभे राहिल्यावर ते चालते ठेवणारी मागणी कोण देणार? रेल्वे जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत पोहोचेल तेव्हा तिच्यातून फक्त खनिज बाहेर जाणार की त्यावर प्रक्रिया करणारे कारखाने आणि त्यातली नोकरी इथे येणार, हा चौथा प्रश्न गडचिरोलीचा स्वतःचा आहे. त्याचे उत्तर ठेका निघण्याआधी ठरवावे लागते. मोजमाप आणि बिल सुरू झाल्यावर अटी बदलत नाहीत.