भेटीआधीची तयारी

१९०७ साली मॅट्रिक झालेले बाबासाहेब एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असता सुभेदार रामजींना खर्च पेलवेना. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांच्या भेटीस नेले. महाराजांनी प्रश्न विचारले. उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली महाराजांच्याच साहाय्याने ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या भेटीची तयारी परळच्या चाळीतील एका खोलीत, पहाटेपूर्वी दिव्यापाशी केलेल्या अभ्यासाने आधीच झाली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात त्यांनी आपणांस धम्म दिला. आज आमची मुले-मुली महाविद्यालयाच्या मुलाखतीस निघतात, तेव्हा अभ्यास त्यांच्यापाशी असतो. सोबतीस केळुसकर गुरुजी नसतात. माजी विद्यार्थ्यांनी ती जागा घ्यावी, हीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!