परदेशातील परीक्षार्थी भीमराव

फेब्रुवारी उजाडला, की आमच्या वसतिगृहातील दिवे उशिरापर्यंत जळू लागतात. मेळघाटातून, अंजनगाव-दर्यापूरकडील खेड्यांतून परतवाड्यास शिकावयास आलेली मुले पुस्तकांत डोके घालून बसतात, आणि आम्ही शिक्षक व अधीक्षक त्यांना वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतो : बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. गोष्ट खरी आहे. परंतु ती आम्ही अर्धीच सांगत आलो, असे या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांस वाटू लागले आहे. अठरा तास बसणारा तो विद्यार्थी काय खात होता, कोणाच्या सोबतीने राहत होता, पैसे संपल्यावर त्याने कोणाकडे हात पसरला, हे आम्ही मुलांना सांगितलेच नाही. आता आमचे काही माजी विद्यार्थीही परदेशात शिकू लागले आहेत. त्यांच्या आई-वडिलांसाठी तरी ही उरलेली गोष्ट सांगितली पाहिजे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तीतूनच घरीही पैसे पाठवावे लागत. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते प्रथम राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. मग हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये त्यांनी बिऱ्हाड हलविले. तेथे नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली. सुरुवातीचे काही महिने गप्पागोष्टींत आणि करमणुकीत गेले. चरित्रकार हे ओझरते सांगून पुढे जातात. आम्हांस मात्र ते महिने महत्त्वाचे वाटतात. जेथे कोणी जात विचारीत नाही, एका टेबलावर बसून सर्वांबरोबर जेवता येते, अशा जागी प्रथमच आलेल्या तरुणाने थोडे मोकळे जगून पाहिले, यात वावगे काय? त्यानंतर त्यांनी अभ्यासाला स्वतःस जुंपून घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, आणि मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरील निबंध वाचला.

तेथून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी तेवढी हाती होती. ग्रंथ व सामान दुसऱ्या बोटीने पाठविले होते; ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली.

ती चार वर्षांची मुदत आमच्या मुलांना समजावी असे आम्हांस वाटते. अनुत्तीर्ण होणे, खंड पडणे, यांनी आयुष्य संपले असे मानणारी मुले आम्ही पाहिली आहेत. बाबासाहेबांच्या शिक्षणात तीन वर्षांचा खंड पडला. त्या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

हा लंडनचा दुसरा मुक्काम म्हणजे खरी परीक्षा. घरमालकीण करडी होती. सकाळी पावाचा एखादा तुकडा, थोडी मासळी आणि कपभर बोव्हरिल एवढीच न्याहारी. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. तेथे सर्वांच्या आधी जावयाचे आणि बंद होताना उठावयाचे. दुपारच्या जेवणाला पैसाही नव्हता, वेळही नव्हता. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली, म्हणजे एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर खावयाचे आणि पुन्हा वाचावयास बसावयाचे. खोलीतील सोबती अस्नोडेकर मध्यरात्री जागे होऊन त्यांना झोपण्याचा आग्रह करीत. बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवणे हा नियमच होता. ज्याला एरवी पोटभर मिळत नव्हते, त्याच्या अभ्यासक्रमात जेवणही होते!

त्यांच्या अडचणीत आणखी एक विलक्षण योग होता. ते रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते, आणि त्याच दिवसांत रुपयाचा भाव पौंडाच्या तुलनेत झपाट्याने घसरला. १९२० मध्ये सरकारने दोन शिलिंगांचा दर धरला होता. वर्षभरात बाजारात रुपयाला सव्वा शिलिंगाच्या आसपास मिळू लागले. मुंबईत हिशेब करून साठविलेले पैसे लंडनमध्ये अपुरे पडले. त्यांनी शाहू महाराजांकडे दोनशे पौंड उसने मागितले, भथेनांना पुन्हा लिहिले. मागताना संकोच वाटला असेलच. पण त्यांनी मागितले. इकडे मुंबईत रमाई टंचाईत संसार ओढीत होत्या.

१९२१ मध्ये एम.एस्सी. पदरी पडली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर करून ते जर्मनीत बॉन येथे गेले. मार्च १९२३ मध्ये मार्गदर्शक एडविन कॅनन यांचे बोलावणे आले : परीक्षकांना प्रबंध त्या स्वरूपात मान्य नव्हता, तो पुन्हा लिहून द्यावयाचा होता. तोवर पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथेच प्रबंध सुधारला, ऑगस्टमध्ये धाडला, आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. जो प्रबंध एकदा परत आला, तोच डिसेंबरात लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला.

परतल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांत वसतिगृहाचे काम होते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. साधारण त्याच काळात परदेशात शिकत असलेले आपल्या जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख यांनीही परत आल्यावर अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. दोघांनाही परक्या गावी भाड्याच्या खोलीत शिकण्याचा अनुभव होता. पुढे मंत्रिपदाच्या काळात, १९४० नंतर, बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावे असलेल्या राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीवर मुले जातात, तेव्हा आम्हांस ते दोनशे पौंड आठवतात.

आमच्या वसतिगृहात परीक्षेच्या दिवसांत आता रात्री दहाला प्रत्येकास कपभर दूध मिळते, अकराला दिवे मालवले जातात, आणि घरी बोलावयाचे असेल त्याला अधीक्षकांचा फोन मिळतो. अठरा तासांची गोष्ट आम्ही अजूनही सांगतो. तिच्याबरोबर भथेना, अस्नोडेकर आणि पापड यांचीही सांगतो.

परदेशात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपला पत्ता व दूरध्वनी क्रमांक शाळेच्या कार्यालयात नोंदवावा. पुढच्या वर्षी तिकडे जाणाऱ्या मुलाला विमानतळावर उतरल्यावर फोन करावयास परतवाड्याचे एक माणूस तरी असेल.